वस्तुमानाचं ‘वितरण’ की ‘ठेवण’?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करते आहे. वाक्य असं झालंय: ‘गुरुत्वीय भिंगाच्या साहाय्याने दीर्घिकेतील वस्तुमानाचे वितरण मोजले.’ यातलं ‘वितरण’ खटकतं. बक्षीस वितरण, वीज वितरण म्हटलं की देणारा आणि घेणारा डोळ्यांपुढे येतो. दुसरा शब्द आहे का?

उत्तर: खटकणं रास्त आहे. शाळेतल्या ‘वारंवारता वितरण सारणी’मुळे तो रुळला, आणि आकडेवारीत चालतोही. इथे मी ‘ठेवण’ म्हणेन. चेहऱ्याची ठेवण म्हणताना कुठे काय कसं बसलंय तेच सांगायचं असतं.

पण मला ‘मोजले’ जास्त खटकलं. मागच्या दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, प्रकाश पुढच्या दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे तिच्याभोवती वाकतो आणि वलय दिसतं; हेच गुरुत्वीय भिंग. २००७ साली सापडलेल्या ‘कॉस्मिक हॉर्सशू’चं वलय जवळजवळ पूर्ण आहे, घोड्याच्या नालेसारखं एका बाजूला उघडं. त्याची त्रिज्या आकाशात एका अंशाच्या साधारण ७२०व्या भागाइतकी. ही त्रिज्या आणि दोन्ही दीर्घिकांची अंतरं हाती असली की वलयाच्या आतल्या वस्तुमानाची बेरीज निघते. बेरीजच! ते मध्याशी दाटलंय की पसरलंय, हे एकट्या वलयावरून नीट कळत नाही. म्हणून पुढच्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांची जोड घेतात. त्यातून आणखी आतल्या भागाचं वस्तुमान कळतं. दोन बेरजा मिळाल्या की उतार, म्हणजे मध्यापासून बाहेर जाताना घनता किती झपाट्याने घटते ते, काढता येतो. हबल दुर्बिणीने टिपलेल्या अशा बऱ्याच लंबवर्तुळाकार दीर्घिकांत एकूण घनता साधारण मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. ताऱ्यांचा उजेड त्याहून लवकर ओसरतो. उरलेलं ते कृष्णद्रव्य, म्हणजे उजेड न देणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य.

आणखी एक उत्तर: ‘ठेवण’ आवडला. ‘भिंग’ मात्र जपून वापरा. काचेचं बहिर्गोल भिंग कडेच्या किरणांना जास्त वाकवतं, गुरुत्व मध्याजवळच्यांना. त्यामुळे इथे सगळे किरण एका बिंदूत जुळत नाहीत. उंच दांडीच्या काचेच्या पेल्याचा तळ कागदावरच्या ठिपक्यावर धरून पाहा: ठिपक्याचं वलय होतं, आणि पेला जरा सरकवला की वलय तुटून दोन कमानी उरतात. शब्द रुळलाय, तो राहू द्या. पण पहिल्यांदा येईल तिथे हे एका ओळीत सांगा.

प्रश्नकर्ती: आता वाक्य असं केलंय: ‘गुरुत्वीय भिंगामुळे दिसणारं वलय आणि ताऱ्यांचे वेग, या दोहोंवरून दीर्घिकेतल्या वस्तुमानाची ठेवण ताडली.’ ‘मोजले’ काढून टाकलं.