डावीकडं वळवलं की रिमोटचं विमान ऐकंना, रिसीव्हरची (विमानातला रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा) अँटेना कुठं लावायची?

माळावरचा_पायलट:
थर्माकोलचं ग्लायडर आहे, 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर, बॉडीत कार्बनची नळी टाकलीय. अक्कलकोट रोडच्या पुढं माळावर उडवायलोय. जवळ असताना काहीच नाही पण दीडेकशे मीटर नेऊन डावीकडं वळवलं की कंट्रोल सेकंदभर गायब, सरळ झालं की परत येतंय. उजवीकडं वळताना ठीक. दोस्त म्हणतोय शेजारच्या मोबाईल टॉवरचं काम आहे. दोन्ही अँटेना बॅटरीच्या बाजूनं नळीलाच टेप मारून चिकटवल्यात. जागा बदलू का?

जुना_क्रिस्टल:
टॉवरचं सोड की बे, त्याची बँड वेगळी, आणि टॉवर काय डावं-उजवं बघून त्रास देणाराय का? तुझं दुखणं नळीत आहे. थर्माकोल, बाल्सा (हलकं लाकूड) यातून सिग्नल आरपार जातो, कार्बन मात्र अडवतो, लिपो बॅटरी पण अडवते. विमान कललं की ते दोन्ही तुझ्या आणि अँटेनाच्या मधे येत असणार. अँटेनाची सगळी वायर काम करत नाही, टोकाला वरचं कव्हर काढलेला साधारण 31 मिमीचा तुकडा तेवढाच खरा, बाकीची नुसती केबल. तो तुकडा सरळ ठेव, दुमडू नको, कापू तर अजिबात नको. आणि दोन्ही टोकं एकमेकांना काटकोनात पाहिजेत, म्हणजे विमान कसंही कललं तरी एक तरी ऐकतीच. ज्यूसची स्ट्रॉ कापून त्यात घाल, एक उभी, एक आडवी, नळी, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांच्यापासून जमेल तेवढी लांब.
आमच्या 72 मेगाहर्ट्झच्या काळात मीटरभर वायर शेपटीपर्यंत लोंबायची आणि मैदानात कुणी तोच क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा) लावून रिमोट चालू केला की विमान खाली. तुम्ही पोरं सुखात आहात.

सोल्डरवाला:
काकांचं बरोबर आहे, पण आधी करंट बघून घे. सर्वो (विमानाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम ओढायला लागले की बीईसीचा (रिसीव्हर-सर्वोला बॅटरीतून वीज देणारा भाग) व्होल्टेज पडतो, रिसीव्हर रीसेट होतो आणि सगळे अँटेनाला शिव्या घालत बसतात. पंखा काढ, घरीच सगळ्या स्टिक गरागरा फिरव, रिसीव्हरचा लाईट लुकलुकला तर बीईसीचं काम आहे. आणि रिमोटच्या अँटेनाचं टोक विमानाकडं धरतोस का? टोकाच्या दिशेनं सिग्नल सगळ्यात कमी जातो, आडवी ठेव. फेलसेफमधे (सिग्नल तुटल्यावर विमानानं काय करायचं ती सेटिंग) थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्य केलंयस ना?

माळावरचा_पायलट:
लाईट हलला नाही दादा, म्हणजे करंट ठीक दिसतोय. फेलसेफ लावलंच नव्हतं, आता लावलं. स्ट्रॉ फेविक्विकनं चिकटवू का?

जुना_क्रिस्टल:
अरे थर्माकोल खातंय ते! हॉट ग्लू घे, तो पण जरा गार होऊ दे मग लाव. आणि उडवायच्या आधी रिमोट रेंज चेक मोडवर (यात सिग्नलची ताकद मुद्दाम कमी होते) टाकून तीसेक पावलं लांब जा, दुसऱ्या कुणाला तरी विमान हातात धरून चारी बाजूंनी फिरवायला सांग. डावी बाजू तिथंच कळंल.