लग्नाआधी स्वतःच्या उत्पन्नाच्या संरक्षणासाठी करार करावा का?

प्रश्न : बेसा, नागपूर

नमस्कार. माझे वय 31 असून मी मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. पुढच्या महिन्यात माझे साक्षगंध आहे. होणाऱ्या यजमानांच्या घरी इतवारीत किराणा मालाचा ठोक व्यापार आहे. माणसे सज्जन आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही; परंतु व्यापार बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे व्यवसायासाठीच्या फिरत्या कर्जावर, चालतो आणि उलाढाल कमी-जास्त होत असते, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले आहे.

बाबा गेल्यानंतर आई माझ्याजवळच राहते आणि तिचा सगळा खर्च मीच करते. बेसा येथील फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर असून त्याचे हप्ते माझ्या पगारातून जातात. शिवाय माझा भविष्य निर्वाह निधी आणि काही मुदत ठेवी आहेत. माझे उत्पन्न व बचत माझीच राहावी, आईचा खर्च चालू राहावा आणि पुढे दुर्दैवाने वेगळे व्हावे लागलेच तर कोणी कोणाकडे पोटगी मागू नये, असा विवाहपूर्व करार करून नोटरीसमोर सह्या कराव्यात, असे मी सुचवले आहे. यजमान तयार आहेत, पण असा करार न्यायालयात टिकतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : कौटुंबिक प्रकरणे पाहणारा वकील, सिव्हिल लाइन्स

ताई, आपण ज्या भीतीपोटी करार करू पाहत आहात, तिचा मोठा भाग कायद्याने आधीच दूर केलेला आहे, आणि जो भाग खरोखर उरतो त्यावर हा करार उपाय नाही.

लग्न झाले म्हणून पती-पत्नीची मिळकत एक होते, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि तिथे विवाहपूर्व कराराला स्पष्ट मान्यताही आहे. महाराष्ट्रात मात्र आपला पगार, ठेवी आणि बेसाचा फ्लॅट लग्नानंतरही आपल्याच राहतात. आपल्याला मिळालेले दागिने व भेटी हे स्त्रीधन असून त्यावर आपला पूर्ण हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

आता पोटगीच्या कलमाविषयी. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये विवाहपूर्व कराराची तरतूद नाही. असा करार 1872 च्या करार कायद्यावर तपासला जातो आणि त्यातील कलम 23 नुसार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल ठरतो. लग्नाच्या आधीच विभक्त होण्याच्या अटी ठरवणे आणि पोटगीचा हक्क आगाऊ सोडून देणे या दोन्ही गोष्टी न्यायालये याच कारणाने मान्य करीत नाहीत. पोटगीचा हक्क सोडण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही 2018 च्या एका निकालात म्हटले आहे. आपल्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 व 25 खाली पतीसुद्धा पत्नीकडे पोटगी मागू शकतो, आणि तशी वेळ आलीच तर न्यायालय दोघांचे उत्पन्न, गरजा व परिस्थिती पाहून निर्णय देईल. आपल्या करारातील त्या ओळीने त्याचे हात बांधले जाणार नाहीत.

तरीही करारातील एक भाग अवश्य करून ठेवावा. लग्नाच्या दिवशी कोणाकडे काय होते आणि कोणावर किती कर्ज होते, याची सविस्तर यादी दोघांनी सही करून जपून ठेवली, तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दिले आहेत. त्या वेळी जुने कागद शोधत बसण्यापेक्षा ही यादी हाताशी असणे केव्हाही बरे. यादीत फ्लॅटच्या कर्जाचा शिल्लक आकडा, ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक आणि दागिन्यांची बिले एवढे नेमके लिहावे. विभक्त झाल्यास काय, हा शब्दप्रयोगच त्यात येऊ देऊ नये.

उत्तर 2 : निवृत्त बँक अधिकारी, मानेवाडा

वकीलसाहेबांच्या म्हणण्याला मी एक जोड देतो, कारण खरा धोका मी नोकरीत असताना टेबलाच्या पलीकडून वारंवार पाहिला आहे.

कॅश क्रेडिटचे नूतनीकरण आले की कागदांचा गठ्ठा घरी पाठवला जातो. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात, आणि स्वयंपाकघरातून बोलावून आणलेली सून उभ्याउभ्याच प्रत्येक फुलीवर सही करून मोकळी होते. त्यातला एक कागद जामीनपत्राचा असतो. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे वसुलीची वेळ आली की बँक आधी दुकानाकडे आणि मग आपल्याकडे, असा क्रम पाळायला बांधील नसते. यजमानांच्या व्यवसायाचे कर्ज केवळ पत्नी म्हणून आपल्यावर येत नाही. ते येते जामीनदार, सहकर्जदार किंवा भागीदार म्हणून केलेल्या सहीने. ही सही आपण पुढे स्वखुशीने केली, तर लग्नाआधीचा कोणताही करार बँकेला अडवू शकत नाही, कारण बँक त्या करारात पक्षकारच नाही.

म्हणून साक्षगंधाच्या आधीच यजमानांशी आणि सासऱ्यांशी शांतपणे बोलून, आपण व्यवसायाच्या कर्जाला जामीन राहणार नाही आणि बेसाचा फ्लॅट तारण देणार नाही, हे स्पष्ट करून घ्यावे. नवी सून घरात आल्यावर आठवडाभराने हे सांगणे फार अवघड जाते. पगाराचे खाते एकटीच्या नावावर ठेवावे आणि घरखर्चासाठी वेगळे संयुक्त खाते उघडून त्यात ठरलेली रक्कम भरावी.

उत्तर 3 : करसल्लागार, सीताबर्डी

दोनच मुद्दे मांडतो. आपली बचत यजमानांना बक्षीस म्हणून दिली आणि त्यांनी ती मुदत ठेवीत गुंतवली, तर त्यावरील व्याज आपल्याच उत्पन्नात धरले जाते. त्यामुळे दुकानासाठी पैसे द्यायचेच असतील तर ते लेखी कर्ज म्हणून, बँकेतूनच द्यावेत.

दुसरे असे की, भविष्य निर्वाह निधीत आपण अविवाहित असताना केलेले नामनिर्देशन लग्न होताच आपोआप रद्द समजले जाते. ते नव्याने भरावे लागते, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिच्यावर अवलंबून असलेली आई ‘कुटुंबा’च्या व्याख्येत बसत असल्यामुळे आईचे नाव आपण पुन्हा देऊ शकता. बहुतेकांना याचा पत्ताच नसतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पोटगीचे कलम काढून टाकते आणि यादी तयार करते. आईच्या खर्चाबाबत मात्र अजून काळजी वाटते. माझे काही बरेवाईट झाले तर निदान फ्लॅट तरी तिला मिळेल ना?

उत्तर 4 : वकील, सिव्हिल लाइन्स

ताई, मृत्युपत्र नसेल तर बहुधा मिळणार नाही, आणि माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 15 नुसार स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम मुले व पती यांना जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांना, आणि त्यानंतर कुठे तिच्या आई-वडिलांचा क्रम लागतो. म्हणजे आपल्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटवर आपल्या आईच्या आधी आपल्या दिरांचा हक्क सांगितला जाऊ शकतो. एका विधवेची स्वतःच्या नोकरीतून उभी राहिलेली मिळकत तिच्या माहेरी न जाता पतीच्या वारसांकडे गेल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये याच कलमाच्या आधारे दिला होता. ही तरतूद मला अन्यायकारक वाटते, परंतु ती आजही लागू आहे. आई आपल्यासोबत राहते, एवढ्याने तिचा क्रम वर येत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला यजमानांच्या सहीचीही गरज नाही. आपण मृत्युपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि साक्षीदारांत आईचे नाव नसावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी पुढचे वाद टाळण्यासाठी ती करावी. हिंदू व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही, त्यामुळे ते आजही करता येईल. मुले झाल्यावर हवे तर बदलता येईल. ठेवींवर आईला नॉमिनी केले असेल तर तेवढ्यावर विसंबू नये, कारण नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालकी वारसांचीच राहते.

आपण हयात असताना आईचा खर्च करण्यावर कोणी आक्षेप घेतल्यास एवढे सांगावे की, आई-वडिलांच्या पालनाची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केले आहे. मृत्युपत्राचा मसुदा दाखवायचा असल्यास फ्लॅटचे विक्रीपत्र आणि कर्जाचे मंजुरीपत्र सोबत घेऊन यावे.