अनुभव धागा: माणूस गेल्यानंतरचे साधे दिवस

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. सुरुवातीला घर माणसांनी इतकं भरलेलं होतं की रडायलासुद्धा एकांत मिळेना. मग सगळे आपापल्या कामाला लागले, आणि खरं दुःख तेव्हा दारात येऊन उभं राहिलं. "सावरलीस का गं?" असं कोणी विचारलं की मला अजूनही काय बोलावं सुचत नाही.

त्यांचा चष्मा माझ्या टेबलाच्या खणात आहे. उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा आहे. चष्मा काढताना ते काचच धरायचे आणि त्यावरून आईची रोज बोलणी खायचे. आता तीच मला म्हणते, "पुसू नकोस हं."

आत्मा अमर आहे वगैरे ठाऊक आहे मला, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून हा धागा. तुम्ही साधे दिवस कसे काढलेत, कशाने बरं वाटलं, कशाचा नुसताच वैताग आला, ते लिहा.

*

हिला जाऊन तीन वर्षं झाली. सदतीस वर्षांचा संसार, पण घरातल्या कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो हे मला धड माहीत नव्हतं. आठवडाभर अंधारात चाचपडत होतो, अक्षरशः.

लेक कपाट आवरायला आली. दोन दिवसांत सगळं देऊन टाकू म्हणाली. तिला परत जायचं होतं, तिचंही चुकत नव्हतं. मी मान डोलावली आणि रात्री एक गाठोडं गुपचूप माळ्यावर चढवलं. वर्षभराने मीच ते खाली काढलं, एकेक कपडा घडी मोडून पाहिला आणि देऊन टाकला. एक स्वेटर ठेवलाय. त्याच्या खिशात तिने कसलीशी यादी लिहून ठेवली होती, त्यातली शेवटची ओळ "ह्यांची बटणं". कुठल्या शर्टाची, ते आता कोण सांगणार? कपाटाची घाई करू नका, एवढंच सांगेन.

*

माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. त्याचा शेवटचा मेसेज होता, "झोपलास का?" मी वाचला होता. उत्तर दिलं नाही.

पुढे कितीतरी दिवस मी त्याच नंबरावर लिहीत होतो. वेडेपणा म्हणा. मग एक दिवस तिथे भलत्याच कुणाचा फोटो दिसला. बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्यांना देतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या माणसाचे आवाजी मेसेज असतील तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा.

*

आईला स्मृतिभ्रंश होता. ती गेली तेव्हा पहिल्यांदा हायसं वाटलं आणि त्याची लाज महिनोन्महिने पुरली. ज्या दिवशी तिने मला "तुम्ही कोण?" विचारलं, त्या दिवसापासूनच माझं सुतक सुरू झालं होतं.

*

मला दुःखाच्या त्या पाच टप्प्यांनी फार छळलं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. नवरा गेल्यावर मला राग आलाच नाही, तर वाटायचं की आपलंच काही तरी बिघडलंय. समुपदेशक बाईंनी समजावलं की एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९मध्ये हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले.

त्यापेक्षा श्ट्रोबं आणि शुट या संशोधकांनी १९९९मध्ये मांडलेलं मला पटलं. माणूस झोके घेतो, कधी आठवणीत बुडतो, कधी वीजबिलं भरतो, आणि दोन्ही लागतं. त्यानंतर मी हसले की स्वतःलाच टोचून बोलणं बंद केलं.

मात्र वर्ष उलटल्यावरही जवळजवळ रोज तोच जीवघेणा ओढा असेल, कामधाम सुचत नसेल, तर त्याला आता दीर्घकालीन शोकविकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. अमेरिकी निकषांत २०२२पासून मोठ्यांसाठी एक वर्षाची मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सहा महिन्यांची. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र कसली वाट बघता? त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे जा.

*

आम्ही पोराला सांगितलं, "आजोबा झोपलेत." पोरगा आठवडाभर झोपायला तयार होईना. शेवटी सरळ सांगितलं की आजोबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत. खूप रडला आणि झोपला.

*

पाचव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं. "अजून वय आहे तुमचं," हे मी निदान वीस जणांकडून ऐकलं. नवऱ्याला तर कोणी विचारलंच नाही. तो गाडी लावून पाऊण तास खालीच बसायचा. मला ते फार उशिरा कळलं.

*

धागा काढणारी पुन्हा मीच. आवाज उतरवून ठेवा हे वाचून आईला विचारलं, तर तिच्या फोनमध्ये बाबांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग निघालं, चौतीस सेकंदांचं. "मी घोरतच नाही" म्हणायचे, म्हणून पुरावा गोळा केला होता तिने. आम्ही दोघींनी तीनदा ऐकलं. शेवटी ते झोपेतच दचकून "कोण आहे?" म्हणतात आणि आई हसते. तिथे ते संपतं.