शॅडो टीचर ठेवा, नाहीतर दाखला न्या: शाळेला असे सांगता येते का?

प्रश्न – पालक, इंदिरानगर, नाशिक

माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. त्याला स्वमग्नता आहे. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ५० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) मिळाले आहे. शाळा खासगी, विनाअनुदानित, परंतु शासनमान्य आहे. पालकसभा संपल्यावर मुख्याध्यापिकांनी मला थांबवून घेतले आणि स्वखर्चाने शॅडो टीचर (वर्गात फक्त याच मुलासोबत राहून त्याला मदत करणारा शिक्षक) ठेवा, जमत नसेल तर दाखला घेऊन विशेष शाळेत घाला, असे तोंडी सांगितले. तो वर्गात बसतो, वाचतो, गणितात तर पुढेच आहे. मधल्या सुट्टीतला गोंगाट मात्र त्याला सहन होत नाही. शाळेला हा अधिकार आहे का, आणि दाद कोठे मागावी?

उत्तर – निवृत्त विशेष शिक्षक, नाशिकरोड

ताई, दाखल्यासाठीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून देऊ नका. असा अर्ज एकदा दप्तरी गेला की मुलाला शाळेने काढले नाही, पालकांनीच नेले, असे म्हणायला शाळा मोकळी होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापिका जे बोलल्या ते तुम्हीच पत्रात लिहा, त्यावर खुलासा मागा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी दटावणाऱ्या शाळा कागदावर फार जपून बोलतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर – वकील, नाशिक

वरील सल्ला योग्य आहे, फक्त एक दुरुस्ती करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. तेव्हा शाळेचा दर्जा आधी पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मात्र तशी सूट नाही. त्याचे कलम १६ शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांबद्दल बोलते आणि भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी व वैयक्तिक साहाय्य यांची अपेक्षा ठेवते. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि या दोहोंतील निवड मुलाची आहे, मुख्याध्यापिकांची नव्हे. अर्थात एवढ्यावरून खासगी शाळेची फी आपोआप माफ होईल, असे मी म्हणणार नाही.

शाळेचा खरा बचाव वेगळा असेल. वाजवी सोयीच्या व्याख्येतच ‘अवाजवी बोजा न पडता’ अशा आशयाची मर्यादा आहे, आणि पूर्णवेळ शिक्षकाच्या पगाराबाबत शाळा तिचाच आधार घेईल. म्हणून तुम्ही शॅडो टीचरपासून सुरुवातच करू नका. मधल्या सुट्टीत बसायला शांत खोली, कानावर आवाजरोधक हेडफोन, दिवसाच्या वेळापत्रकाचा चित्रतक्ता, एवढेच मागा. यातले काहीही नाकारताना खर्चाचे कारण देणे शाळेला अवघड जाईल.

पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दखल घेतली गेली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदारांना हजर करणे आणि कागदपत्रे मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्नकर्त्या पालक

आज शाळेचे माहितीपत्रक पाहिले. तिला अल्पसंख्याक दर्जा आहे.

वकील

मग पत्रात शिक्षण हक्क कायद्याचा उल्लेखच करू नका; शाळा तेवढ्याच मुद्द्यावर उत्तर देऊन मोकळी होईल. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १६, यूडीआयडी कार्डाची प्रत आणि वरच्या तीन मागण्या, इतकेच एका पानात मांडा. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत लिहा आणि पोच मात्र विसरू नका.