जर्मनीत 5 वर्षं झाली, आता जर्मन शिकावं का?

बर्लिनकर_सोलापुरी: ऑफिसात इंग्लिश, घरी मराठी, त्यामुळे जर्मन राहूनच गेलं. बायको मागं लागलीय, पण चाळिशीत प्रत्येक नामाचं डेर-डी-डास (लिंग) कोण पाठ करणार? खरंच गरज आहे का?

पूर्वभागवाला: का बे, सोलापूरचा असून हे विचारतोस? आमच्या घरी तेलुगू, पणजोबा मागावर काम करायला आले ते इथलेच झाले, आई शेजारणीशी कानडीत बोलते, दुकानात मराठी, कुणी क्लास लावला होता? आजी तर भाजीवालीशी घासाघीस करत मराठी शिकली, अजून 'भाऊ आली' म्हणते पण कोथिंबीर फुकट घेऊनच येते.

फाइलवाला: ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचा परवाना) असेल तर जर्मनच्या बी1 (मध्यम) पातळीवर 21 महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, ए1 (अगदी प्राथमिक) वर 27. नागरिकत्वाला मात्र बी1 लागतंच.

शेंगाचटणी: कागदाचं सोडा हो. रात्री पोरगं तापलेलं, फोनवर नर्स सारखी 'आउसश्लाग, आउसश्लाग' विचारतेय, म्हणजे पुरळ आलंय का, हे मला कुठनं कळणार, शेवटी शेजारच्या आजीबाईंना झोपेतनं उठवलं. दुसऱ्याच दिवशी क्लास लावला. व्याकरण अजून बोंबलतंच.

बर्लिनकर_सोलापुरी: पूर्वभागवाला, आजी ऑनलाइन शिकवतात का?