फाइल बिघडलेली नाही, गुंडाळलेली आहे

विंडोजवरून पाठवलेली पीडीएफ मॅकवर 'विनमेल डॉट डॅट' नावाने येत असेल, तर अँटिव्हायरस बंद करा असं काही जण सुचवतात, पण त्याने काही होणार नाही. समोरच्याचा आउटलुक हा मेल प्रोग्राम 'रिच टेक्स्ट' नावाच्या स्वरूपात मेल पाठवतोय. त्यात अटॅचमेंट मायक्रोसॉफ्टच्या टीएनईएफ वेष्टनात जाते, आणि ते बऱ्याच मेल प्रोग्रामांना उलगडत नाही. पाठवणाऱ्याला मेलचं स्वरूप एचटीएमएल किंवा साधा मजकूर निवडायला सांगा. आलेल्या फाइली टीएनईएफ उघडणाऱ्या प्रोग्रामने निघतात, पुन्हा मागवू नका.

नाव बरोबर असूनही फाइल उघडत नसेल, तर प्रकरण वेगळं. पाठवणाऱ्याकडचा आणि तुमच्याकडचा फाइलचा आकार बाइटमध्ये ताडून बघा, वेगळा निघाला तर फाइल वाटेत बदलली. झिप करून मागवली तर उत्तमच. झिपमध्ये सीआरसी, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा असतो, वाटेत काही बदललं तर उघडतानाच कळतं.