डायक्लोन म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सचा कच्चा माल नव्हे!

सारथी_पुणे:
काल एकाने लिहिलं, "ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेचेच, जपान्यांनी फक्त साचे दिले. २०१६ला डायक्लोन परत काढलं ते जुन्या नावावर पैसे उकळायला." वाचून डोकं फिरलं, म्हणून गाड्या-विमानांचे रोबो होणाऱ्या या खेळण्यांबद्दल सविस्तर लिहितोय.

ताकारा या जपानी खेळणी कंपनीने डायक्लोन ही रोबोंची मालिका आणली १९८०ला. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ला त्यातल्या गाड्या-विमानं आणि ताकाराच्याच मायक्रो चेंज मालिकेतली पिस्तुलं, कॅसेट प्लेअर एकत्र करून ट्रान्सफॉर्मर्स या एका नावाखाली विकले. ट्रान्सफॉर्मर्सचा नायक ऑप्टिमस प्राइम त्याआधी 'बॅटल कॉन्व्हॉय' होता. अमेरिकेत फक्त बारसं झालं.

पण माझा जीव अडकलाय तो त्या माणसात. डायक्लोनचा रोबो हे यंत्र. ते चालवायला तीनेक सेंटीमीटरचा माणूस, तळपायात लोहचुंबक. हॅस्ब्रोने यंत्रालाच जीव दिला आणि माणूस काढून टाकला. गाडीचं दार उघडा, आत सीट आहे, बसायला कोणी नाही! २०१६ला तो माणूस परत आला, जास्त सांध्यांसह, आणि चुंबकही राहिलं. याला पैसे उकळणं म्हणतात?

ठाणेकर७४:
काल लिहिणारा मीच. बारसं म्हणून उडवून लावू नका. खलनायक मेगाट्रॉन, हे नाव आणि बहुतेकांचे स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कींनी लिहिले, ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओनीलांचं. आम्ही शाळेत भांडायचो ते ऑप्टिमस मोठा की मेगाट्रॉन यावर. मेगाट्रॉन मुळात नुसतं वॉल्थर पिस्तूल होता, त्यासाठी कोण भांडलं असतं? आणि १९८५पासून खुद्द ताकाराने जपानात हीच खेळणी ट्रान्सफॉर्मर्स नावाने विकली. डायक्लोन त्यांनीच गुंडाळलं. त्याचं काय?

सारथी_पुणे:
१९८५चं मान्य. नाइलाजाने. पण गुंडाळलं म्हणून जन्म पुसला जात नाही.

मायक्रोमॅन_नाशिक:
दोघेही अर्धंच सांगताय. हॅस्ब्रोच्या जी.आय. जो या सैनिक-बाहुल्याच्या परवान्यावर ताकारा बाहुले काढत होती. त्यातून १९७२ला हेन्शिन सायबॉर्ग, तोच लहान करून १९७४ला मायक्रोमॅन, आणि मायक्रो चेंज ही मायक्रोमॅनचीच शाखा. म्हणजे माल अमेरिकेतून गेला आणि फिरून अमेरिकेत आला. आता बाप ठरवा.

ठाणेकर७४:
ठरवा काय, माझंच म्हणणं झालं हे! आणि नवं डायक्लोन घेतं कोण? पन्नाशीचे लोक. खोकं उघडतही नाहीत. कपाटात ठेवून फोटो टाकतात.

खोकेबंद_सातारा:
हो, नाही उघडत. कारण ऐका. १९८८ला काकांनी मस्कतहून ऑप्टिमस आणला. त्याच्या मुठी सुट्या, मनगटात खोचायच्या. दिवाळीत उजवी मूठ हरवली. आईने फराळाचे डबेसुद्धा रिकामे करून पाहिले. चकलीच्या डब्यात निघाला तो निळा तुकडा बाटलीच्या झाकणाचा होता. पुढची चार वर्षं तो एका हाताने लढला. आता मी कमावतो. माझ्या खोक्याला कुणी हात लावायचा नाही.

ठाणेकर७४:
मग विकत कशाला घेता? चित्र लावा भिंतीवर. तुमच्यासारख्यांमुळेच किमती चढतात आणि आम्हाला नुसतं बघत बसावं लागतं!

खोकेबंद_सातारा:
माझे पैसे, माझं कपाट. तुम्ही कोण विचारणारे?

डोंबिवलीची_मीनल:
भांडण पुरे. माझ्या नवऱ्यानेही तीन खोकी अशीच जपून ठेवली होती. गेल्या महिन्यात नऊ वर्षांच्या मुलाने एक उघडलं. घरात रामायण झालं. आधी मलाच धास्ती, एवढा बारीक तुकडा, त्यात चुंबक. लहान मूल असलेल्या घरात हे वर ठेवा, हे मी ओरडून सांगेन. पण संध्याकाळी तो माणूस फ्रिजच्या दारावर आडवा उभा होता, आणि माझा मुलगा त्याला एकेक पाऊल टाकत हँडलपर्यंत चढवत होता. यंत्राकडे त्याने पाहिलंही नाही. नवरा बाजूला उभा राहून बघत होता, ओरडायचं विसरून.

सारथी_पुणे:
ताई, मी काल रात्रीपासून हेच सांगतोय.

ठाणेकर७४:
माणसाचं मान्य, तो परत यायला हवा होता. ऑप्टिमसचं नाही. तो बोलायला लागला तो अमेरिकेतच, यावर मी हटणार नाही.

खोकेबंद_सातारा:
एक खोकं उघडतोय. फक्त माणूस काढणार. यंत्र आतच राहील.